रो मारताना कंबर का धरते?

प्रश्न: मी २७ वर्षांचा, वजन ६८ किलो. कुपवाड एमआयडीसीत सीएनसीवर टर्नर आहे. पहिली पाळी, सात ते तीन. पहाटे पाचला उठून साडेपाचला जिममध्ये असतो. आठ महिने बारबेल रो (पुढं झुकून रॉड पोटाकडे ओढायचा पाठीचा व्यायाम) मारतोय. दोन्ही बाजूंना वीस-वीसच्या प्लेटा, रॉड धरून पन्नास किलो, दहा-दहाचे चार सेट, तेही डेडलिफ्ट (जमिनीवरचा रॉड उचलून सरळ उभं राहणं) झाल्यावर लगेच. पाठीला काहीच लागत नाही. दंड भरून येतात आणि कंबर धरते. दुसऱ्या दिवशी मशिनसमोर उभं राहणं नको होतं. एक जण सांगतो रॉड छातीला लाव, दुसरा सांगतो पोटाला. मित्र म्हणतो उलटी पकड घे (तळवे पुढं करून) आणि बेल्ट बांध. हा व्यायाम माझ्यासाठी नाहीच का? सोडून देऊ?
– एक वाचक, कुपवाड

उत्तर:

नमस्कार. व्यायाम सोडू नका, दोन आठवडे प्लेटा सोडा.

पाठीला लागत नाही, दंड भरतात आणि कंबर धरते, ही तीन लक्षणं एकत्र आली की कारण बहुतेक वेळा एकच निघतं. माणूस खुब्यातून वाकण्याऐवजी कमरेतून वाकलेला असतो आणि कोपर मागं नेण्याऐवजी हातानं रॉड ओढत असतो. त्यात तुमचा रो डेडलिफ्टनंतर, तोही उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात. म्हणजे कंबर आधीच दमलेली आणि नीट जागीही न झालेली. बेल्ट आणि उलटी पकड या नंतरच्या गोष्टी, त्यांच्याकडे शेवटी येऊ.

बारबेल रो म्हणजे एकाच वेळी चाललेले दोन व्यायाम. एक दिसतो, रॉड वर-खाली होण्याचा. दुसरा दिसत नाही. धड पुढं झुकलेलं असताना ते तसंच, न हलता, सेट संपेपर्यंत धरून ठेवणं. डोकं, हात आणि धड मिळून शरीराच्या वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग होतो. तुमच्या ६८ किलोत ते साधारण ४५ किलो. म्हणजे हातात रॉड नसतानाही तुम्ही नुसते झुकून उभे राहिलात तर कंबर आणि मांडीच्या मागचे स्नायू हे ओझं पेलतच असतात. त्यात पन्नास किलोची भर घातली आणि दहा रेप्सना (रॉड एकदा वर-खाली म्हणजे एक रेप) चाळीस सेकंद लागले, तर विंग्स (काखेखालचे पाठीचे रुंद स्नायू) दमायच्या आधी कंबर दमणारच. यात तुमची कंबर कमकुवत आहे असं काही नाही. हिशेबच तसा आहे.

दुसरा हिशेब तुम्हाला आमच्यापेक्षा चांगला कळेल. लेथवर टूल होल्डरच्या बाहेर जितकं जास्त काढाल तितकं ते लवतं आणि चॅटर (थरथर) येतं. इथं होल्डर म्हणजे खुब्याचा सांधा आणि ओव्हरहँग म्हणजे खुब्यापासून रॉडपर्यंतचं आडवं अंतर. खुब्यापासून खांद्यापर्यंत ५० सेंटिमीटर धरा. धड जमिनीला समांतर असेल तर ओव्हरहँग पूर्ण ५०, आणि धड ४५ अंशांत असेल तर ३५. त्याच ४५ अंशांत रॉड खांद्याच्या सरळ खाली न लटकता सात-आठ सेंटिमीटर पुढं, बोटांच्या दिशेनं गेला, तर ३५ चे ४२-४३ होतात. वजन तेच, पण रॉडचा कंबरेवरचा भार सुमारे पाचव्या हिश्श्यानं वाढला. म्हणून रॉड कायम मांड्यांच्या जवळ हवा. आणि सुरुवातीला समांतर धडाचा हट्ट नको. ज्यांच्या मांडीमागचे स्नायू आखडलेले आहेत त्यांना पाठ सपाट ठेवून तितकं खाली जाताच येत नाही.

आता खुब्यातून वाकणं म्हणजे काय ते बघा. हे घरीच, रॉडशिवाय शिकायचं. भिंतीकडे पाठ करून उभे राहा, टाचा भिंतीपासून एक वीत पुढं, पाय खुब्यांइतक्या अंतरावर. गुडघे किंचित मोडा आणि तिथंच थांबवा, पुढं आणखी मोडायचे नाहीत. आता हात मांड्यांवर ठेवून ढुंगणानं भिंत शोधा. स्वयंपाकघरात दोन्ही हातांत भांडी असली की मागचा दार-पल्ला ढुंगणानं ढकलतो ना, तसं. धड आपोआप पुढं येईल. ते मुद्दाम वाकवायचं नाही. भिंत लागली की बोटभर पुढं सरका आणि पुन्हा. काही वेळानं मांडीच्या मागं, गुडघ्याच्या वर ताण जाणवू लागेल. तो ताण म्हणजे बरोबर जागा. ताण कमरेत जाणवला तर तुम्ही अजून कमरेतूनच वाकताय.

मग केरसुणीचा लांब दांडा किंवा वेताची काठी घ्या. ती पाठीवर उभी धरा: एक हात मानेमागं, एक कमरेमागं. काठी तीन ठिकाणी टेकली पाहिजे. डोक्याची मागची बाजू, दोन खवाट्यांच्या मधली जागा आणि माकडहाडाच्या वरचा सपाट भाग. कमरेच्या खोलगटात आणि काठीत तळहाताच्या जाडीइतकी फट राहील, ती असू द्या. ही काठी न सुटता दहा वेळा खुब्यातून वाका. खाली जाताना माकडहाडाकडची काठी सुटली तर कंबर गोल झाली. डोक्याकडची सुटली तर मान खाली पडली. फट वाढून मूठ जाऊ लागली तर कंबर उलट्या बाजूला कमानीसारखी ताणली गेली, तेही चूकच. 'छाती वर' असं ओरडून सांगितलं की पोरं नेमकं हेच करतात. ज्या कोनाला काठी सुटायला लागते त्याच्या थोडं अलीकडे तुमचा रोचा कोन. कुणाचा तो जमिनीपासून ३० अंश असेल, कुणाचा ४५. दुसऱ्याचा कोन उसना घेऊ नका.

डोळ्यांसमोर चित्र हवं असेल तर लांब जायला नको. आपल्या सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्य मिळवलं. कुठल्याही चांगल्या वेटलिफ्टरचा व्हिडिओ घ्या आणि रॉड गुडघ्यांशी आला की तो थांबवा. नडग्या जवळजवळ उभ्या, ढुंगण मागं, पाठ फळीसारखी, खांदे रॉडच्या किंचित पुढं, हात सरळ. वेटलिफ्टर त्या जागेतून क्षणार्धात पुढं जातो, रो मारणाऱ्याला तिथंच चाळीस सेकंद राहायचं असतं, एवढाच फरक. (तालमीत फावड्यानं हौद्याची माती उकरणारा पैलवान याच बांधणीत वाकलेला असतो, आणि तिथं समोर आरसा नसल्यामुळे मानही जागेवर असते.)

आता रॉड. तो जमिनीवरून उचलत असाल तर आधी एक अडचण. स्पर्धेच्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. आपल्याकडच्या जिममधल्या लोखंडी दहाच्या किंवा पाचच्या प्लेटा त्याहून बऱ्याच लहान असतात, रॉड पार खाली जातो आणि तो घेताना कंबर गोल होतेच. बऱ्याच तक्रारी या उचलण्यात आणि ठेवण्यातल्या असतात, रोमधल्या नसतातच. उपाय साधा आहे. स्क्वॅटच्या रॅकवर मांडीच्या मध्यावर हूक लावा, तिथून रॉड घ्या, दोन पावलं मागं या. रॅक मोकळा नसेल तर दोन्ही बाजूंच्या प्लेटांखाली आणखी दोन-दोन प्लेटा आडव्या टाकून रॉड वर आणा.

पाय खुब्यांइतक्या अंतरावर, चवडे किंचित बाहेर. रॉड बुटाच्या नाडीच्या गाठीवर येईल असा. वजन पूर्ण पावलावर, चवड्यांवर नको. बुटाच्या आत पायाची बोटं हलवता आली पाहिजेत, ती खाली रुतली असतील तर तुम्ही पुढं कलंडलेले आहात. जाड मऊ तळाचे पळण्याचे बूट असतील तर ते काढून अनवाणी किंवा सपाट बुटात करा. पकड खांद्यांपेक्षा चार बोटं रुंद, तळवे आपल्याकडे, अंगठा रॉडला वेढून. उभे असतानाच खांदे कानांपासून खाली घ्या, काखेत घडी घातलेला रुमाल धरलाय आणि तो पडू द्यायचा नाही अशा बेतानं काखा आवळा. एवढ्यानं विंग्स जागे होतात आणि रॉड मांड्यांपासून लांब जात नाही. मग पोटात श्वास घ्या, कुणी गुद्दा मारणार असल्यासारखं पोट घट्ट करा आणि भिंतीपाशी शिकलात तसं ढुंगण मागं. रॉड मांड्यांवरून घसरत गुडघ्यांच्या थोडा खाली येऊन लटकेल. नडग्या उभ्याच राहिल्या पाहिजेत, नाहीतर रॉड वर येताना गुडघ्यांना अडेल आणि तुम्ही त्याला वळसा घालून पुढं न्याल. पुन्हा ओव्हरहँग.

ओढण्याकडे येऊ. विंग्स, म्हणजे लॅट, हा स्नायू पाठीच्या खालच्या अर्ध्या मणक्यांपासून आणि कटीच्या हाडापासून निघतो आणि काखेतून जाऊन दंडाच्या हाडाला चिकटतो. तो कोपराच्या खाली जातच नाही. त्यामुळं हात काय करतोय याच्याशी त्याला देणंघेणं नाही, दंडाचं हाड मागं जातंय का एवढंच त्याला कळतं. तुमचे दंड भरतात ते यामुळं. तुम्ही तळहातानं रॉड वर आणताय, म्हणजे कोपर मोडताय, आणि ते काम बायसेप्सचं आहे. बोटं आकडे समजा, हात दोरी समजा आणि कोपराच्या टोकाला कुणी दोरी बांधून ती मागच्या खिशाकडे ओढतंय असं धरा. बाजूनं पाहिलं तर पूर्ण रेपभर कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग उभा, ओळंब्यासारखा राहिला पाहिजे. मनगट आत वळून मूठ पोटाकडे येत असेल तर तो रो नाही, वाकून मारलेला कर्ल (दंडाचा व्यायाम) आहे.

हे अंगात भिनवायला पहिल्या आठवड्यात एक करा. रिकामा रॉड घेऊन झुका, एका हाताचं काम बघायला मित्राला बाजूला उभं करा आणि त्याला तुमच्या कोपराच्या वर, दंडाच्या मागच्या बाजूला तळहात टेकवायला सांगा. तुम्ही त्याचा तळहात मागं ढकलायचा. रॉडचा विचारच करायचा नाही. तीन-चार रेप्समध्ये काखेच्या खाली, बरगड्यांच्या बाजूला आवळल्यासारखं वाटेल. आठ महिने जे लागत नव्हतं ते हेच.

छाती की पोट, या वादात दोघांचंही बरोबर आहे, फक्त दोघं वेगवेगळ्या स्नायूंबद्दल बोलताहेत. रॉड बेंबीच्या दोन-चार बोटं वर लागतो तेव्हा कोपरं अंगाजवळून जातात आणि विंग्सवर जोर येतो. रॉड छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाशी आणायचा तर पकड रुंद करावी लागते, कोपरं बाहेर फाकतात, आणि काम खवाट्यांच्या मधले स्नायू आणि खांद्याची मागची बाजू करते. त्याला वजनही कमी लागतं. तुम्हाला विंग्स हवेत, तर सध्या पोट. निपलच्या रेषेपर्यंत मात्र आणू नका. तिथं खांदे कानांकडे चढतात आणि मानेला गोळे येतात.

वर आल्यावर कोपर पाठीच्या रेषेच्या थोडंसंच वर जावं. आणखी मागं नेण्याच्या नादात खांद्याचा पुढचा भाग खाली लोंबतो आणि खांद्यात पुढून टोचतं. रॉड पोटाला लागला की क्षणभर थांबा, मनात 'एक' म्हणा. थांबता येत नसेल तर वजन जास्त आहे. यापेक्षा स्वस्त आणि अचूक मोजमाप आम्हाला माहीत नाही. खाली सोडताना दोन सेकंद घ्या, हात पूर्ण सरळ होऊ द्या, खवाटे थोडे पुढं जाऊ द्या, पण पाठ तशीच. श्वास खाली असताना घ्यायचा, रॉड वर येईपर्यंत धरायचा, सोडताना बाहेर टाकायचा. रक्तदाबाचा त्रास असेल तर धरू नका, ओढतानाच सोडा.

आता मोठी चूक, जी तुमच्याकडून होत असणार, कारण पन्नास किलोचे दहा-दहाचे चार सेट तिच्याशिवाय बहुतेक निघतच नाहीत: हिसका. रॉड खाली असताना धड ३० अंशांत आणि वर आला तेव्हा ६० अंशांत. रॉड पोटाला लागला खरा, पण अर्धी वाट कोपरांनी नाही, धड वर उठवून कापली. प्रत्येक रेपला कंबर असा एक हबका खाते, म्हणजे चार सेटमध्ये चाळीस हबके. हे तुम्हाला स्वतःला कळत नाही. मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून, बाजूनं, कमरेच्या उंचीला ठेवा आणि तिसऱ्या सेटचं शूटिंग करा. पहिल्या सेटमध्ये सगळेच शहाणे असतात. पडद्यावर खांद्याच्या जागी बोट ठेवा आणि व्हिडिओ चालवा. खांदा बोटाखालून चार-पाच अंश हलला तर चालेल, बोटाबाहेरच गेला तर प्लेटा उतरवा.

मुद्दाम थोडी उसळी घेऊन जड रो मारणारे लोक आहेत, आणि त्यांचंही एक शास्त्र आहे. पण ते हिसक्याशिवायचा रो पक्का झाल्यावरचं. जमिनीवरून प्रत्येक रेप नव्यानं सुरू करण्याचा एक प्रकार आहे, त्याला अमेरिकन प्रशिक्षक ग्लेन पेंडले याच्या नावानं पेंडले रो म्हणतात. त्यात प्रत्येक रेपनंतर रॉड जमिनीवर टेकतो, कंबरेला क्षणभर उसंत मिळते. पण धड जवळजवळ समांतर लागतं. काठीच्या परीक्षेत तुम्ही तिथवर पोचलात तरच.

नजर समोरच्या आरशात नको, पायांपासून दीड-दोन मीटर पुढच्या फरशीवर ठेवा. आरशात बघायला मान वर केली की कमरेची कमान वाढते.

उलटी पकड. ती घेतली की कोपरं आपोआप अंगाजवळ येतात आणि विंग्सना काम चांगलं मिळतं, हे खरं. तिचा प्रसिद्ध पुरस्कर्ता ब्रिटिश शरीरसौष्ठवपटू डोरियन येट्स, १९९२ ते १९९७ सलग सहा वेळा मिस्टर ऑलिम्पिया (शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा) जिंकलेला. त्याच्या नावानं येट्स रो म्हणून ती प्रसिद्ध झाली, आणि १९९४ मध्ये त्याच्याच डाव्या दंडाचा बायसेप्स फाटला. तळवा वर आणि कोपर सरळ अशा अवस्थेत बायसेप्स ताणलेला असतो, तिथून जड वजन हिसक्यानं उचललं तर कोपराशी त्याला हाडाशी जोडणारा दोर (टेंडन) तुटू शकतो. तुमचे दंड तर आधीच भरताहेत. मित्राला सांगा, सहा महिन्यांनी बघू.

बेल्टचं थोडक्यात. तो कंबर धरून ठेवत नाही. पोटाला आतून टेकायला भिंत देतो, पण पोट घट्ट करायचं काम तुमचंच. वाकल्यावर त्याची वरची कड बरगड्यांत रुतते ती वेगळी. या वजनाला नको.

आणि वजन म्हणजे नेमकं किती, हेही एकदा ठरवून टाका. 'रॉड धरून पन्नास' म्हणताना रॉड तुम्ही दहाचा धरलाय. प्लेट बसवायची टोकं जाड, फिरणारी असतील तर तो ऑलिम्पिक रॉड आणि त्याचं वजन बहुतेक २० किलो, म्हणजे तुम्ही साठ मारताय. टोकापासून टोकापर्यंत एकच जाडी असेल तर साधा गज. त्याला तुमच्याच खात्यातलं सूत्र लावा. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला इतके किलो. २८ मिलिमीटरचा गज मीटरला ४.८४ किलो, सहा फुटी असेल तर पावणेनऊ-नऊ किलो. पाच फुटी २५ चा असेल तर सहासुद्धा भरत नाही. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) खिशात घेऊन जा, जिमवाले हसतील, हसू देत. प्लेटांवर ओतलेला आकडाही काट्यावर तपासा. मार्केट यार्डात हळदीचं पोतं काट्याशिवाय हलत नाही, आणि इथं आपण कमरेवर घ्यायचं वजन अंदाजानं घेतो. दोन्ही बाजूंच्या प्लेटांत अर्ध्या किलोचा फरक निघाला तर धड प्रत्येक रेपला एका बाजूला पिळतं. जड प्लेटा दर सेटला बाजू बदलून लावा, नाहीतर जोड्या लावून खडूनं खुणा करा.

आठवडा असा लावा. डेडलिफ्ट बुधवारी. बारबेल रो सोमवारी. शुक्रवारी दुसरा रो, पण कंबरेला सुट्टी देऊन. बाकडं ३०-४० अंशांवर तिरपं करा, त्यावर छाती टेकवून पालथे पडा आणि दोन्ही हातांत दहा-दहाचे डंबेल घेऊन तीच कोपराची ओढ, बाराचे तीन सेट. तिथं दंड भरले नाहीत आणि काखेखाली लागलं तर ओढ जमली असं समजा. सोमवारचा रो पहाटे नकोच. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि उठल्यावर पहिल्या तासात वाकताना त्यांच्यावर जास्त ताण येतो. पाळी तीनला सुटते ना? सोमवारी जिम साडेचारला करा. पहाटेशिवाय जमतच नसेल तर दहा मिनिटं चालून, आधी बेंच प्रेस (बाकड्यावर उताणं पडून करायचा छातीचा व्यायाम) उरकून, मग रो.

पहिले दोन आठवडे रिकामा रॉड, दहाचे तीन सेट, वर 'एक' म्हणून थांबत. हलका वाटेल, लाजही वाटेल. तिसऱ्या आठवड्यात बाजूला पाच-पाच. पुढं दर आठवड्याला बाजूला सव्वा किलोची प्लेट. ती जिममध्ये नसेल आणि सगळ्यात लहान अडीचची असेल तर उडी एकदम पाच किलोची होते, म्हणून आधी त्याच वजनावर आठवरून बारा रेप्सपर्यंत जा, मग अडीच-अडीच लावा आणि पुन्हा आठवर या. सेटमध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. थांबा सुटला, खांदा हलू लागला की सेट तिथंच संपला, मग ती सातवी रेप असो. पकड आधी सुटत असेल तर शेवटच्या सेटला स्ट्रॅप (मनगटातून रॉडला गुंडाळायची पट्टी) लावा, त्यात काही कमीपणा नाही.

मशिनसमोर उभं राहताना एक पाय चार-पाच इंच उंचीच्या लाकडी ठोकळ्यावर ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटांनी पाय बदला. कमरेला तेवढाच उतार मिळतो.

शेवटी, आत्ताच्या दुखण्याबद्दल. कमरेच्या दोन्ही बाजूंना, स्नायूंत, दाबल्यावर दुखणारं आणि दोन दिवसांत ओसरणारं असेल तर ती दमणूक आहे आणि वर सांगितल्यानं ती जाईल. पण दुखणं एका पायात गुडघ्याच्या खाली उतरत असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, खोकताना-शिंकताना कळ जात असेल, तर रॉडला हात न लावता आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. चवडा उचलताना पाय लुळा पडत असेल, किंवा जांघेत-बैठकीच्या जागी बधिर वाटून लघवी-संडासवरचा ताबा सुटल्यासारखं वाटलं, तर पाळी आहे, रविवार आहे असलं काही न बघता त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा.

तसं काही नसेल तर आज रात्री भिंत आणि केरसुणीचा दांडा. सोमवारी साडेचारला रिकामा रॉड. तिसऱ्या सेटचा व्हिडिओ काढायला विसरू नका, आणि सेट झाला की रॉड खाली टाकून मोकळे होऊ नका. ज्या खुब्यातून उचललात त्याच खुब्यातून, दोन पावलं पुढं जाऊन, हुकावर ठेवा.